सायकलस्वाराची शिदोरी

प्रवासास निघताना बरोबर काय घ्यावे यापेक्षा घरी काय ठेवावे, हे ठरविणे अधिक कठीण असते. पायी तीर्थयात्रा करणाऱ्या आपल्या पूर्वजांना याची पुरती जाणीव होती. गाठोड्यातील प्रत्येक जिन्नस त्यांनाच वाहावा लागे. रानातल्या आडवाटांवर हौसेने सायकल नेणाऱ्यासही हाच विचार करावा लागतो. त्याचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, सायकलस्वाराची शिदोरी दोन गोष्टींवरून ठरत आली: यंत्रात काय बिघडू शकते आणि वाटेत काय मिळू शकते.

इंग्लंडात जन्मलेल्या टॉमस स्टीव्हन्सने एप्रिल १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलीवर प्रस्थान ठेवले. सामान म्हणजे पायमोजे, एक जादा सदरा, तंबूचे व अंथरुणाचेही काम देणारा पावसाळी कोट आणि एक पिस्तूल. पुढे तो युरोप, तुर्कस्तान व इराण ओलांडून गेला. अफगाणिस्तानात मज्जाव झाल्यावर समुद्रमार्गे कराचीस आला, १८८६ मध्ये लाहोरहून कलकत्त्यापर्यंत सायकलीने गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात योकोहामा येथे त्याची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाली. एवढ्याशा सामानात त्याचे भागले, कारण चाकांना भरीव रबर होते. पंक्चरच नाही, तर पंप कशाला? अन्न व निवारा यांसाठी भिस्त बहुधा वाटेवरच्या लोकांवर होती.

१८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. स्वाराचे हादरे कमी झाले. पण काट्याखिळ्यांचे भय उत्पन्न झाले आणि पंप, ठिगळे व टायर काढण्याच्या पट्ट्या यांची भर सामानात पडली.

ओझे वाढले तसे ते कोठे बांधावे हा प्रश्न आला. १८९७ मध्ये अमेरिकी सैन्याच्या २५ व्या पायदळ पलटणीतील वीस कृष्णवर्णीय शिपाई लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या हाताखाली माँटानातील फोर्ट मिझूला येथून सेंट लुइसपर्यंत सुमारे १९०० मैल सायकलीने गेले. घोंगडी व तंबूचे कापड गुंडाळून हँडलवर आणि शिधा सांगाड्याच्या मधल्या त्रिकोणात, अशी त्यांची मांडणी होती. आजचे स्वारही त्याच त्रिकोणात पिशवी अडकवितात. मधोमध असलेल्या भाराने खडकाळ उतारावर तोल फारसा ढळत नाही.

सामान पुरेसे असूनही प्रसंग ओढवतो, हे १९१३ च्या फ्रान्स-प्रदक्षिणेच्या शर्यतीत दिसून आले. मोडतोड झाल्यास स्पर्धकाने परक्याची मदत न घेता स्वतःच दुरुस्ती करावी, असा नियम होता. तूरमाले घाट उतरताना विजयाची आशा असलेल्या युजीन क्रिस्तॉफच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. खांद्यावर बाळगलेला जादा टायर येथे निरुपयोगी होता. सायकल घेऊन तो दहाहून अधिक किलोमीटर चालत सेंत-मारी-द-कांपां या गावी पोहोचला आणि लोहाराच्या भट्टीवर चिमटा स्वतःच्या हातांनी जोडला. कुलुपे घडविण्याचा धंदा त्याला अवगत होता, तोच कामी आला. एका मुलाने भाता चालविला म्हणून त्याला वर दंडही झाला! शर्यत त्याच्या हातची गेली. परंतु पॅरिसपर्यंतचा प्रवास त्याने पुरा केला.

१९५५ मध्ये इंग्लंडात लेमिन्स्टर येथे रफ-स्टफ फेलोशिप स्थापन झाली, ती मात्र शर्यतीसाठी नव्हे, तर डोंगरवाटांच्या आनंदासाठी. त्या वाटांवर लोहाराची भट्टी नसते. म्हणून एक जादा ट्यूब, पंप, टायर काढण्याच्या पट्ट्या, साखळी तोडण्याचे हत्यार व एक जोडकडी, पाना, पाणी आणि जखमेवरची पट्टी एवढे तरी बरोबर असावे. ट्यूब नसलेल्या नव्या टायरांत छिद्र बुजविणारा द्रव असतो. तथापि मोठी चीर त्याने बुजत नाही, तेव्हा जादा ट्यूब त्यांनाही हवीच. आणि या हत्यारांचा सराव घरच्या अंगणातच करून घ्यावा. रानात शिकविणारा भेटत नाही.