खासबाग, वानखेडे आणि खेळाच्या पैशाचा मुक्काम

व्यावसायिक खेळ, म्हणजे ज्यात खेळाडू खेळावर पोट भरतो आणि प्रेक्षक पाहण्याचे दाम मोजतो असा खेळ, यजमान गावाच्या पदरात काय टाकतो, याचा हिशेब बहुधा सामन्याच्या दिवशी झालेल्या खर्चाच्या बेरजेवर थांबतो. ही बेरीज किती फसवी असते, ते रॉजर नोल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट यांनी १९९७ साली संपादित केलेल्या, अमेरिकेतील क्रीडागारांवरील ग्रंथात तपशिलाने दाखवले गेले. तिथे पुढे आलेली कारणे मुख्यतः दोन आहेत: एक प्रतिस्थापन, म्हणजे तिकिटावर खर्च झालेला पैसा एरवीही त्याच परिसरात नाटकावर किंवा खाण्यापिण्यावर खर्च झालाच असता; आणि दुसरे गळती, म्हणजे जमलेले उत्पन्न बाहेरच्या मालकांच्या व खेळाडूंच्या हाती जाऊन गावातून निघून जाणे.

मुंबईच्या क्रिकेटला ही दोन्ही कारणे लागू पडतात. १९३७ साली खुले झालेले ब्रेबॉर्न आणि तिकिटांच्या वाटपावरून झालेल्या भांडणातून उभे राहिलेले, १९७५ च्या जानेवारीत पहिला कसोटी सामना पाहिलेले वानखेडे, ही दोन्ही मैदाने चर्चगेट स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे त्यांचा प्रेक्षक उपनगरी गाडीने सहज येऊ शकतो. मिठागरे, भातशेती आणि उत्तनची मासेमारी यांवर जगलेला, याच उपनगरी गाडीच्या मार्गावरचा मीरा-भाईंदरचा परिसर १९८५ मध्ये नगरपालिका आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाला, आणि २०११ च्या जनगणनेपर्यंत तिथली वस्ती आठ लाखांवर गेली. या वस्तीतील कुटुंब जेव्हा सामन्याला जाते, तेव्हा तिकीट, खाणे आणि टोपी-झेंड्यांची खरेदी असा सारा खर्च दक्षिण मुंबईत होतो आणि मीरा रोड वा भाईंदरच्या बाजारातील तेवढीच उलाढाल कमी होते. यजमानांच्या हिशेबात ही रक्कम नफा म्हणून दिसते, परंतु ज्या उपनगरातून ती आली तिथली तूट कोणाच्याच वहीत लिहिली जात नाही, आणि हा या हिशेबातील सर्वांत मोठा अन्याय होय. यजमानांच्या हिशेबात न येणारा आणखी एक खर्च म्हणजे मैदानाला लागणारे पाणी. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला, तेव्हा हा प्रश्न ठळकपणे ऐरणीवर आला.

याच महाराष्ट्रात खेळाचा पैसा गावातच मुरण्याचे एक जुने उदाहरण आहे, ते कोल्हापूरच्या कुस्तीचे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्यातून खासबाग मैदानाची कल्पना आकाराला आली. १९०७ मध्ये सुरू झालेले बांधकाम १९१२ मध्ये पुरे झाले. मध्यभागी तांबड्या मातीचा हौदा आणि सभोवती उतरत्या बैठका अशी ही रचना आहे, ज्यामुळे हजारोंच्या गर्दीत शेवटच्या माणसालाही जोड दिसते. उद्घाटनाची कुस्ती विख्यात मल्ल गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात झाली. मैदानाला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले, त्यामुळे कुस्ती आणि नाटक यांचा प्रेक्षक एकाच ठिकाणी येऊ लागला.

तथापि कोल्हापूरच्या अर्थव्यवहाराचा खरा आधार मैदानापेक्षा तालीम हा होता. तालीम म्हणजे मल्लांची व्यायामशाळा आणि निवासही. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत खेड्यापाड्यांतील तरुण वर्षानुवर्षे राहत, वस्तादांच्या हाताखाली मेहनत करत, आणि त्यांचा खुराक, म्हणजे दूध, तूप, मटण व बदाम घोटून केलेली थंडाई, रोजच्या रोज शहराच्या बाजारातूनच येई. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देण्याची रीत आजही कोल्हापूरची ओळख मानली जाते, आणि तिच्यामागे मल्लांची ही रोजची मागणी उभी आहे. हौद्याच्या मातीत मिसळायचे ताक, तेल, हळद आणि लिंबू हेसुद्धा आसपासच्या शेतकऱ्याचेच. मल्लाला मिळालेले इनाम अशा रीतीने गवळी, खाटीक आणि वाणी यांच्याकडे पोहोचत असे, आणि मैदान वर्षातून काही दिवसच भरत असले तरी खर्च बारमाही चाले. अर्थशास्त्रात ज्याला गुणक म्हणतात, म्हणजे एकदा खर्च झालेल्या रुपयामुळे त्याच परिसरात एकूण किती उत्पन्न निर्माण होते याचे माप, ते इथे मोठे असण्याचे कारण खेळाडूचा मुक्काम हेच आहे.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारी आश्रय संपला. पुढच्या काळात गावोगावच्या यात्रा समित्या आणि सहकारी साखर कारखाने यांनी तो भार उचलला. यात्रेच्या मैदानात पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या जोडीपर्यंतचा खर्च लोकवर्गणीतून होई, म्हणजे गाव या खेळात यजमान तर होतेच, शिवाय गुंतवणूकदारही होते.

या गुंतवणुकीचे सर्वांत स्पष्ट रूप १९५२ मध्ये दिसले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले तेव्हा प्रवासखर्चासाठी लोकांनी वर्गणी दिली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. कांस्यपदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, त्यांत ते स्वतः लढले, आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले.