चूल आणि ओटा

मलिक अंबराने १६१० साली वसविलेली खडकी पुढे औरंगाबाद व आता छत्रपती संभाजीनगर झाली. त्याच्या नहरींनी शहरात पाणी खेळविले; गृहिणी मात्र शतकानुशतके जमिनीवरील चुलीपुढेच बसून राहिली. मुंबईत १९५५ साली बाटलीतला गॅस आला. पुढे तो मराठवाड्यातही पोहोचला. शेगडी टाकीहून उंच ठेवणे भाग, म्हणून घरोघर ओटा उभा राहिला. आज जुनी स्वयंपाकघरे नव्याने बांधून देणारा कंत्राटदार सकाळीच येऊन भिंती मोजतो, मोरीचा उतार पाहतो, कडप्पा कापवून घेतो. परंतु ओट्याची उंची पुष्कळदा घरधन्यासच विचारतो! वास्तविक ओटा रांधणारीच्या कोपराहून चार-सहा बोटे खाली हवा. चूल उठली खरी. माप अद्याप तिचे झालेले नाही.