नस्तालीकचा हट्ट

हैदराबादच्या जुन्या शहरात छत्ता बाजार नावाची एक पेठ आहे. लग्नपत्रिका, हस्तपत्रके आणि छोटी पुस्तके छापणाऱ्यांची दुकाने तेथे एकमेकांना खेटून उभी आहेत. एकेकाळी या पेठेत बोरूची कलमे घेऊन बसलेले कातिब, म्हणजे उर्दूचे लेखनिक, मोठ्या संख्येने दिसत. आज बहुतेक काम संगणकावर होते. परंतु तेथील संगणकाच्या पडद्याकडे जरा निरखून पाहिले, तर उर्दूचे पान जुळविण्याकरिता वापरले जाणारे साधन भलतेच असते. पृष्ठरचनेच्या जगात पेजमेकर, क्वार्क-एक्सप्रेस, इनडिझाइन ही नावे प्रमाण मानली गेली. येथे मात्र इनपेज नावाचे एक साधन चालते. उर्दूच्या परिघाबाहेर त्याचे नाव फारसे कोणी ऐकलेलेही नसेल. हे आजचे लहरी वेगळेपण नव्हे. दोनशे वर्षे चाललेल्या एका हट्टाचा हा अलीकडचा अध्याय आहे, आणि त्या हट्टाची हकिगत मराठी माणसाने ऐकण्यासारखी आहे असे मला वाटते.

उर्दू ज्या वळणाने लिहिली जाते त्याला नस्तालीक म्हणतात. चौदाव्या शतकात इराणात हे वळण घडले. परंपरेने त्याचे श्रेय मीर अली तबरीझी यांस दिले जाते. अरबी ग्रंथांचे नस्ख वळण सरळ रेषेवर चालते. नस्तालीकचे तसे नाही. येथे शब्द उजवीकडे उंचावर उगम पावतो आणि मांडवावरून उतरणाऱ्या वेलीसारखा तिरपा होत डावीकडे खाली येऊन टेकतो. शिवाय प्रत्येक अक्षर शेजारचे अक्षर पाहून आपला आकार बदलते. एकाच अक्षराचा दात कोठे उंच, कोठे बुटका, तर कोठे केवळ एक टिंब राखून अदृश्य होतो. डोळ्यांना हे मोठे सुखद आहे. मुद्रकाला मात्र यासारखी डोकेदुखी दुसरी नाही.

कारण शिशाचा खिळा चौकोनी ठोकळ्यावर बसतो, आणि ठोकळे एका ओळीत उभे राहतात. मुद्रणयंत्र 1556 साली गोव्यात उतरले, तेव्हापासून ही अडचण आपल्याही वाट्याला आलीच होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण 1616 साली राशोल येथे छापले गेले, ते मराठी असूनही रोमी लिपीत. या देशीच्या अक्षरांत पुस्तके छापावीत ही आपली फार दिवसांची इच्छा त्यांनी 1608 साली वरिष्ठांना पत्राने कळविली होती. पण युरोपीय वर्णमालेला जेथे दोन डझन साचे पुरत, तेथे आपल्या जोडाक्षरांना शेकडो लागत. ती इच्छा पुरी झाली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये चार्ल्स विल्किन्स यांनी नस्तालीकचेही खिळे पाडले. ते छापले गेले, वाचले गेले, पण नस्तालीकचा उतार त्यांत उतरला नाही. चौकोनात बसविलेली वेल ती किती वळणार?

तेवढ्यात जर्मनीत आलॉइस सेनेफेल्डर याने दगडावरून छापण्याची कृती शोधून काढली होती. ती 1796 ते 1798 च्या सुमाराची गोष्ट. कृती सोपी आहे. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने मजकूर उमटवायचा आणि शिळा पाण्याने ओली करायची; मग छापाची शाई फक्त तेलकट भागालाच चिकटते. म्हणजे जे हाताने लिहाल ते जसेच्या तसे छापले जाईल. लेप दिलेल्या कागदावर कातिब मजकूर लिहून देई व तो कागद शिळेवर दाबून उलटा उमटवीत. हिंदुस्थानात ही शिळाछापाची कला 1820 नंतरच्या काळात पसरली, आणि उर्दू-फारसीने तिला जणू कवटाळलेच. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने 1858 पासून या पद्धतीने इतकी ग्रंथसंपदा बाहेर काढली की तिची कीर्ती इराण-अफगाणिस्तानापर्यंत गेली.

साऱ्या जगाने शिशाचा खिळा हे मुद्रणाचे प्रमाण साधन ठरविले असताना एका मोठ्या वाचकवर्गाने ते नाकारले आणि युरोपात चित्रे, नकाशे व संगीताच्या स्वरलेखनासाठी वापरले जाणारे साधन पुस्तकांना आणि वर्तमानपत्रांना लावले. याला मागासलेपणा म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. अक्षराने यंत्रापुढे वाकावे की यंत्राने अक्षरापुढे, हा तो प्रश्न होता, आणि त्या लोकांनी त्याचे उत्तर विचारपूर्वक दिले होते.

आपण मराठी माणसांनी काय केले ते येथे आठवावे. शिळाप्रेस आपल्याकडेही होता. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी 1831 साली पंचांग छापले ते शिळेवरच. परंतु पुढे आपण खिळ्यांच्या वाटेने गेलो आणि त्या वाटेवर उत्तम कामगिरी केली. जावजी दादाजी यांनी 1864 साली सुरू केलेल्या ओतशाळेतून आणि पुढे निर्णयसागर छापखान्यातून जे देवनागरी खिळे निघाले, त्यांची घडण आजही डोळ्यांत भरते. मात्र या प्रवासात मोडी मागे राहिली. श्रीरामपूरच्या विल्यम केरी यांनी मराठी व्याकरण 1805 साली देवनागरीत छापले, तर मराठी कोश 1810 साली मोडीच्या खिळ्यांत काढला. म्हणजे मोडी छापता येतच नव्हती असे नाही. पण मुंबईच्या छापखान्यांनी बाळबोध निवडली, शाळांच्या पुस्तकांनी तीच उचलली, आणि मोडी केवळ हाताची, दप्तराची लिपी उरली. विसाव्या शतकाच्या मध्यास ती शाळांतूनही गेली. आज आपल्याच आजोबांची खतपत्रे वाचण्यास आपल्याला जाणकार शोधावा लागतो. छपाईच्या साधनाची निवड केवळ कारागिरांच्या सोयीची बाब असते असे ज्यांस वाटते, त्यांनी मोडीचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

आता पुन्हा हैदराबादकडे येऊ. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या मुलखात होता. तेथील जुन्या पिढीने दिवाणी दरबारी उर्दू डोळ्यांखालून घातलेली आहे. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली निघाले ते उर्दू माध्यमाचे, आणि त्याच्या आधीच्याच वर्षी स्थापन झालेल्या दारुल तर्जुमा या भाषांतर संस्थेने गणितापासून वैद्यकापर्यंतचे ग्रंथ उर्दूत आणण्याचा उद्योग मांडला. अशा उद्योगाला जलद छपाई हवी. याच शहरात 1888 साली स्थापन झालेली दायरतुल मआरिफ ही संस्था दुर्मीळ अरबी ग्रंथ नस्ख खिळ्यांत छापीत होती, म्हणजे खिळ्यांचे तंत्र येथे परके नव्हते. नस्तालीकचे खिळे पाडण्याचे प्रयोगही या शहरात झाले; ते रूढ झाले नाहीत. मौलाना आझादांनी 1912 साली कलकत्त्याहून काढलेले अल-हिलाल खिळ्यांत छापले गेले होते. उर्दूने सरळ नस्ख पत्करावी, इराण्यांनी नाही का छपाईपुरती पत्करली, असा सल्ला देणारे विद्वानही होऊन गेले. मराठीतही सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ केली, त्यामागे यंत्राला लिपी सोपी करून द्यावी हाच विचार होता. उर्दूच्या सामान्य वाचकाने हा सल्ला मानला नाही. नस्खमधली उर्दू त्याला परक्या उच्चारात बोललेल्या आपल्या भाषेसारखी वाटे.

या हट्टाची किंमत थोडी नव्हती. पानाचे पान कातिबाने लिहायचे, चूक झाल्यास खरवडायचे, रात्री उशिरा तार आली तर पुन्हा लेखणी धरायची. पुढे शिळा जाऊन ऑफसेटची यंत्रे आली, तरी त्यांना पुरवायचा मजकूर हातानेच लिहिला जात होता. स्वातंत्र्यानंतर हैदराबादेत 1949 साली सुरू झालेले सियासत दैनिक असो की अन्य उर्दू पत्रे असोत, त्यांचा डोलारा अनेक वर्षे कातिबांच्या बोटांवर उभा होता. मद्रासचे 1927 साली निघालेले मुसलमान हे दैनिक तर संगणकाचे युग आल्यावरही हातानेच लिहिले जात राहिले.

कोंडी फुटली ती 1981 साली. मिर्झा अहमद जमील या पाकिस्तानी सुलेखनकाराने अक्षरे सुटी करण्याचा नादच सोडला. त्यांनी अक्षरांचे जोड, म्हणजे शब्दांचे पुरे तुकडे, एकेक करून हाताने लिहून काढले. असे 18,000 हून अधिक तुकडे ब्रिटनच्या मोनोटाइप कंपनीच्या यंत्रात साठविले गेले आणि वडिलांच्या नावावरून त्या वळणास नूरी नस्तालीक हे नाव पडले. लाहोरचे जंग दैनिक त्यात जुळवून निघू लागले. अठरा हजार! एका माणसाच्या हाताने एवढे काम करावे याचे मला राहून राहून नवल वाटते. परंतु ते यंत्र भारी किमतीचे. लहान छापखान्याच्या आवाक्याबाहेरचे.

इकडे अमेरिकेत 1985 साली आल्डस कंपनीने पेजमेकर बाजारात आणले आणि टेबलावर मावणाऱ्या संगणकावर वर्तमानपत्राचे पान लावता येऊ लागले. पाहता पाहता ते सर्वत्र प्रमाण ठरले. पण त्याची घडण रोमी लिपीची होती. एका वळणात 256 घरे, आणि तेवढ्यात सारे बसवायचे. मध्यपूर्वेसाठी निराळ्या आवृत्त्या निघाल्या, तरी त्यांत सोय होती ती नस्खपुरती. अशा वेळी 1994 साली दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअर या कंपनीने इनपेज काढले. त्याने नूरी नस्तालीक साध्या संगणकावर आणले आणि पान उजवीकडून डावीकडे लावण्याची सोय मुळातच ठेवली. रंगीत चित्रांच्या करामतींत ते प्रमाण साधनांच्या पासंगालाही पुरत नव्हते. तरी उर्दूच्या छापखान्यांनी ते एका मुखाने उचलले, कारण त्यांना हवी असलेली एक गोष्ट त्यालाच येत होती.

मराठी आणि तेलुगू मुद्रकांनी याच सुमारास दुसरा मार्ग धरला. त्यांनी प्रमाण साधन ठेवले आणि आपली अक्षरे त्याच्या घरांत कोंबली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, तेलुगूतील अनु, अशा संचांनी ही किमया साधली. पडद्यावर देवनागरी दिसे. पण संगणकाच्या पोटात रोमी अक्षरांचीच सांकेतिक भाषा असे. काम झपाट्याने झाले, घरोघर डीटीपीचा धंदा उभा राहिला. त्याचा काटा पुढे रुतला. एका मंडळाच्या स्मरणिकेच्या वीस वर्षांपूर्वीच्या फायली मी अलीकडे उघडून पाहिल्या. ते वळण नव्या संगणकावर नव्हते, त्यामुळे संतांच्या ओव्यांच्या जागी रोमी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांगोळी दिसत होती. छापील प्रत हाती होती म्हणून मजकूर वाचला. पेजमेकरची अखेरची आवृत्ती 2001 साली निघाली आणि ते साधन बंद पडले. पण जुनी अक्षरे त्यातच अडकल्यामुळे आपल्याकडचे कित्येक मुद्रक त्यानंतरही वर्षानुवर्षे त्याला चिकटून राहिले.

याचा अर्थ इनपेजवाल्यांचे सारे भले झाले असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांची अक्षरेही प्रारंभी त्यांच्याच खासगी संकेतात बंद होती. महाजाल आले तेव्हा उर्दू वर्तमानपत्रांना आपली पाने तेथे चित्रे म्हणून लावावी लागली. चित्रातला शब्द शोधता येत नाही, उतरवून घेता येत नाही. सर्व लिप्यांना समान जागा देणारा युनिकोड संकेत 1991 पासून अस्तित्वात होता. त्याच्याशी इनपेजने जुळवून घेतले ते पुढच्या आवृत्त्यांत. आणि ज्या कातिबांच्या हाताने हे वळण दीडशे वर्षे जिवंत ठेवले, त्यांचाच रोजगार त्या वळणाच्या यंत्रावताराने हिरावला. छत्ता बाजारात आज कलम धरणारे हात मोजकेच उरले आहेत.

अलीकडे या कथेला तिसरा फाटा फुटला आहे. पृष्ठरचनेची प्रमाण साधने तयार करणाऱ्या अडोबी कंपनीने 2013 पासून ती विकत देणे थांबवून भाड्याने देण्याचे धोरण धरले. दर महिन्याचे भाडे मोठ्या जाहिरात संस्थेला जड नसेल. शाळेला, ग्रंथालयाला, लहान नियतकालिकाला ते जड आहे. भाडे थांबले की स्वतःचीच पाने उघडण्याची पंचाईत. याला पर्याय म्हणून मुक्त साधने पुढे आली: पानांसाठी स्क्रायबस, रेखाटनासाठी इंकस्केप, छायाचित्रांसाठी गिंप. केरळच्या जनयुगम दैनिकाने 2019 साली आपले सारे कामच या मुक्त साधनांवर नेले आणि मल्याळमचे जुने, कोंबलेले संकेत टाकून युनिकोड पत्करला. एखादे रोजचे वर्तमानपत्र हे करू शकते, हे पाहून अनेकांच्या भुवया उंचावल्या. हैदराबादेतही स्वेच्छा ही संस्था 2005 पासून तेलुगूसाठी मुक्त संगणकप्रणालीचे काम करीत आली आहे.

ही साधने निर्दोष आहेत असे समजून कोणी त्यांच्याकडे जाऊ नये. छापखानदार त्यांच्या फायली पाहून तोंड वाकडे करतो, रंगांचा मेळ बसविताना वेळ जातो, आणि शिकविणारा माणूस सहसा मिळत नाही. नोकरी शोधणाऱ्या मुलाला बाजारातले प्रमाण साधन आलेच पाहिजे, हेही खरे. पण आमच्यासारख्या शहरात एकाच वर्गात तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी लिहिणारी मुले बसतात. त्यांच्या वार्षिकाची पाने लावायची झाली, तर एका साधनात सर्व लिप्या खऱ्या संकेताने बसणे ही चैन नसून गरज आहे. स्क्रायबसची 2024 च्या जानेवारीत निघालेली आवृत्ती आपल्या जोडाक्षरी लिप्या आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्या दोन्ही मांडते. नोटो नस्तालीक हे वळण 2014 पासून कोणालाही फुकट मिळते. आणि त्याच 2014 साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीलाही स्वतःची घरे मिळाली. केरींच्या कोशानंतर 204 वर्षांनी.