मास्तर कृष्णराव आणि अभंगाची चाल



कीर्तनात नाटकातली चाल घ्यावी की नाही, हा प्रश्न तरुणपणी एका सप्ताहात माझ्यासमोर उभा राहिला. सेवेला अभंग कान्होपात्रेचा होता. लहानपणी गावच्या वाड्यात फोनोवर बालगंधर्वांची तबकडी ऐकलेली, तीच चाल मी धरली. टाळकरी अडखळले. कीर्तन संपल्यावर वृद्ध विणेकरीबाबांनी मला बाजूला घेतले आणि विचारले, "महाराज, हा फड आहे की थेटर?" मला उत्तर सुचले नाही.

ते शोधताना चालीच्या कर्त्याची ओळख झाली. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांचा जन्म १८९८ सालचा, तोही माउलींच्या आळंदीतला! भास्करबुवा बखले त्यांचे गुरू. १९२२ साली बुवा निवर्तले आणि पुढे गंधर्व नाटक मंडळीच्या पदांना चाली लावण्याची सेवा या शिष्याकडे आली. १९३१ साली 'संगीत कान्होपात्रा' रंगभूमीवर आले. त्यात कान्होपात्रेची विनवणी होती, चोखोबांचा जोहार होता. पदे संतांचीच, चाली मास्तरांच्या.

त्या काळी तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. तेवढ्यात तानांना आवर घालून अभंगाचा शब्द न् शब्द ऐकू यावा लागे. भैरवीतली ती विनवणी ऐका. सूर शब्दाच्या मागून चालतो, पुढे धावत नाही. जी माणसे नाटकाला कधी गेली नाहीत, त्यांच्या कानी त्या तबकड्यांनी संतवचन घातले.

मास्तर एका जागी थांबले नाहीत. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा' या नाथमहाराजांवरील बोलपटाला त्यांचे संगीत होते. १९४२ साली 'कुलवधू' नाटकात त्यांनी सुटसुटीत, भावगीताच्या वळणाची पदे दिली. वंदे मातरम् समूहाला गाता यावे म्हणून झिंझोटीत चाल बांधली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सांगण्यावरून १९५६ साली पालीतील बुद्धवंदना स्वरबद्ध केली. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९७४ साली ते गेले.

पुढल्या सप्ताहात मी विणेकरीबाबांना म्हणालो, "बाबा, चाल नाटकातली, पण अभंग नाटकाने आपल्याकडूनच नेलेला." बाबा हसले. "मग परत आणताना सगळ्यांना म्हणता येईल असा आण."

त्या रात्री मी हरकती गाळल्या, लय संथ ठेवली आणि ध्रुपद टाळकऱ्यांच्या हाती दिले. त्यांनी ते उचलले. मागे बसलेल्या आयाबायाही म्हणू लागल्या. बाबांनी वीणा छातीशी धरून डोळे मिटले होते.

तरुण कीर्तनकारांना एवढेच सांगणे: त्या तबकड्या जरूर ऐका. मास्तर कोणत्या शब्दावर थांबतात ते शिका. गंधर्वांचा गळा मात्र तिथेच राहू द्या.

रामकृष्ण हरी.