सालदार, जमीन आणि धोरण : म्हसावद परिसरातील एक वाद

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा तालुक्यात वसलेल्या म्हसावद परिसरात शेतीचा कणा सालदार हा होता. सालदार म्हणजे वर्षभराच्या ठरलेल्या मोबदल्यावर मालकाच्या शेतात राबणारा गडी, आणि तो बहुधा भिल्ल समाजातला, अनेकदा त्याच जमिनीच्या जुन्या धारकाचा वंशज असे. कर्जापोटी सातबाऱ्यावरील नाव बदलत गेले आणि मालक मजूर झाला, हे येथील अर्थकारणाचे मूळ होते. १९७१ च्या निवडणुकीत गरिबी हटविण्याची घोषणा झाली, वर्षअखेरीस बांगलादेशचे युद्ध झाले आणि देश विजयाच्या आनंदात असतानाच ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भरलेल्या भूमिमुक्ती मेळाव्याने गेलेल्या जमिनीचा प्रश्न मांडला. येथील भिल्ल समाजाचे नेते अंबरसिंग महाराज यांनी हे गाऱ्हाणे राजकीय भाषेत आणले, ही त्यांची मोठी कामगिरी होय.

त्याच वर्षीच्या दुष्काळात मजुरीचा वाद अधिक धारदार झाला. आदिवासी मजुरांच्या श्रमिक संघटनेने सालदाराच्या वेतनाचा प्रश्न हाती घेतला, त्याच चळवळीतील स्त्रियांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या, तर शासनाने मागेल त्याला काम देणाऱ्या रोजगार हमी योजनेकडे पावले टाकली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. सातबाऱ्याच्या वादावरील उत्तर म्हणजे १९७४ चा आदिवासींच्या जमिनी परत देण्याविषयीचा कायदा, ज्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरणे तपासण्याची वाट मोकळी केली, मात्र त्याआधी गेलेल्या जमिनी त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या.