तबकडीचे पाठभेद

प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासात ‘पाठभेद’ हा शब्द आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत परिश्रम करून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. लेखनिकाच्या हातून अक्षर सुटते, ओळ गळते, एखादा शब्द पदरचा पडतो, हे आपण गृहीत धरतो आणि म्हणूनच एका पोथीवर विसंबून राहत नाही. ग्रामोफोनच्या तबकडीविषयी मात्र आपली समजूत नेमकी उलट असते. यंत्र पदरचे काही घालत नाही, तेव्हा तबकडीतून जे ऐकू येते तेच गायकाने गायिले, असे आपण मानतो. ही समजूत किती फसवी आहे, ते आमच्या घरातील एका जुन्या वादामुळे मला कळले.

वाद होता उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या झिंझोटीतील ठुमरीच्या ध्वनिमुद्रिकेविषयी. वादी-प्रतिवादी होते माझे वडील आणि त्यांचे गुलबर्ग्याचे एक वकील स्नेही, ज्यांना आम्ही मुले वकीलकाका म्हणत असू. वडील भालकी तालुक्यात शिक्षक होते. बीदर आणि गुलबर्गा (२०१४ पासून कलबुर्गी) हे दोन्ही जिल्हे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद संस्थानात व नंतर त्या राज्यात होते. घरी मराठी, बाजारात कानडी आणि कचेरीत उर्दू असा येथील जुन्या पिढीचा व्यवहार. हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभूंची गादी, तेथील उत्सवांत गाणे-बजावणे. त्यामुळे आमच्याकडच्या तबकड्यांच्या पेटीतही भाषांची सरमिसळ असे. या पेटीला खाँसाहेब फार शोभत. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत हिंदी ठुमऱ्या आहेत, ‘मानापमान’ नाटकातील मराठी पदे आहेत आणि त्यागराजांची खरहरप्रिया रागातील तेलुगू कृतीही आहे.

वडिलांचे म्हणणे असे, की या ठुमरीत खाँसाहेबांचा षड्ज हलतो. आरंभी तो ठीक लागतो, पण तबकडी शेवटाकडे जाऊ लागली की लांबवलेला स्वर डळमळतो. त्याचे कारणही त्यांनी शोधले होते. खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा; या ध्वनिमुद्रिका १९३४ ते १९३६ या काळातील. साठी उलटलेला गायक, दम पुरत नसेल! वकीलकाकांना हे मुळीच मान्य नव्हते. त्यांच्याकडेही तीच ठुमरी होती आणि तिच्यातला षड्ज समईच्या ज्योतीसारखा स्थिर होता. “मास्तर, तुमच्या यंत्राची चावी उतरते,” असे ते म्हणत. यावर वडिलांनी चावी पूर्ण भरून तबकडी लावून दाखवली, स्वर हललाच. शिवाय चावी उतरली तर स्वर खाली घसरतो, झुलत नाही, हा त्यांचा बिनतोड मुद्दा होता. दोन्ही तबकड्या एकाच यंत्रावर लावून पाहणे हा सोपा उपाय होता. परंतु लाखेची तबकडी काचेसारखी ठिसूळ, आणि ती एस.टी.तून भालकीहून गुलबर्ग्याला किंवा तिकडून इकडे नेण्यास दोघांपैकी एकही तयार नव्हता. तेव्हा वाद वर्षानुवर्षे तसाच राहिला. वडिलांनी तबकडीच्या कागदी पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवले होते : ‘अखेरीस षड्ज हलतो.’

आरोप साधा नव्हता. ज्यांच्यावर तो होता त्यांची सारी कीर्ती स्वराच्या सच्चेपणावर उभी होती. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडणारा ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला. देवल आणि न्यायखात्यातील आय.सी.एस. अधिकारी क्लेमंट्स यांच्या या श्रुतिसंशोधनात प्रत्यक्ष गळ्याने साहाय्य करणारे गायक अब्दुल करीम खाँच होते. जो गायक श्रुतीचे अंतर गाऊन दाखवत असे, त्याचाच षड्ज हलतो म्हणणे म्हणजे सोनाराला सोने पारखता येत नाही म्हणण्यासारखे होते.

शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर मला या जुन्या प्रकरणाची फाईल उघडण्यास सवड मिळाली. तोवर वडील आणि वकीलकाका दोघेही राहिले नव्हते. काकांच्या चिरंजीवांनी त्यांची तबकडी माझ्या स्वाधीन केली. काकांची प्रत जुन्या छापाची, वडिलांची नंतरच्या छापाची. खाँसाहेबांची ही उत्तरकालीन ध्वनिमुद्रणे मूळची ओडियन कंपनीची. पुढे ती अन्य नाममुद्रांवर आणि नंतर लाँगप्लेवरही आली. आमच्याकडील प्रतींच्या नाममुद्रा मी मुद्दामच सांगत नाही. कारण जो दोष सांगणार आहे तो त्या काळच्या कोणत्याही कंपनीच्या तबकडीत आढळू शकतो, आणि एका प्रतीवरून साऱ्या छापाला नावे ठेवणे न्यायाचे नाही.

एका स्नेह्यांकडे विजेवर चालणारे, वेग काटेकोर राखणारे यंत्र होते. त्यावर प्रथम काकांची प्रत लावली. खरखर इतकी की प्रारंभी मन विटले. बोथट पोलादी सुयांनी खाचा झिजलेल्या होत्या. पण त्या खरखरीच्या आड स्वर निश्चल होता. मग वडिलांची प्रत लावली. ती स्वच्छ, जपून वापरलेली. तिच्यात स्वर खरोखरच हलत होता, आणि वडील सांगत तसा शेवटाकडे अधिक. वडिलांचे कान खोटे नव्हते. तेवढ्यात स्नेह्यांनी सुईच्या दांड्याकडे बोट दाखवले. तबकडीच्या प्रत्येक फेऱ्यागणिक दांडा किंचित आत, किंचित बाहेर असा झुलत होता. तबकडीचे भोक मध्यावर नव्हते.

तबकडी कशी घडत असे ते येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. गायनाच्या वेळी मेणाच्या चकतीवर खाच कोरली जाई. तिच्यावर विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवून उलटा साचा घेत. त्यावरून सुलट, आणि त्यावरून पुन्हा उलटा असा अखेरचा ठसा तयार होई. या ठशाने लाख, दगडाची भुकटी व काजळी यांच्या तापवलेल्या मिश्रणावर तबकडी दाबून काढत. ठसा काही शे प्रती काढल्यावर झिजे आणि नवा करावा लागे. प्रत्येक नव्या ठशाचे केंद्र नव्याने ठरवावे लागे. येथे केसभर चूक झाली, तर त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक तबकडीत ती उतरत असे. म्हणजे गाणे तेच, मूळ मेणही तेच, तरी छाप बदलला की ऐकू येणारा स्वर बदलू शकतो.

केसभर चुकीने किती फरक पडावा? तबकडीच्या आतल्या भागात खाच केंद्रापासून सुमारे ६० मिलिमीटर अंतरावर असते. भोक ०.६ मिलिमीटरने चुकले तर सुईखालून जाणाऱ्या खाचेची गती एका फेऱ्यात एक टक्का वाढते आणि एक टक्का घटते. स्वर त्याच प्रमाणात चढतो-उतरतो. प्रमाणश्रुतीचे गुणोत्तर ८१:८० म्हणजे सव्वा टक्का. तेव्हा वरच्या व खालच्या टोकांतील दोन टक्क्यांचे अंतर दीड श्रुतीहून अधिक झाले, आणि तेही मिनिटाला ७८ वेळा! बाहेरच्या कडेला, १२० मिलिमीटरवर, हाच दोष निम्मा होतो. म्हणून आरंभी षड्ज ठीक वाटे आणि अखेरीस हले. वडिलांनी ज्याला वार्धक्य मानले ते भोकाचे भूमितिशास्त्र होते.

त्या यंत्राची मधली खुंटी काढता येत होती. ती काढून स्नेह्यांनी तबकडी बोटाने अगदी थोडी थोडी सरकवली आणि दांडा स्थिर होईपर्यंत पाहत राहिले. मग सुई ठेवली. वडिलांच्याच तबकडीतून, आयुष्यभर त्यांनी ऐकला नव्हता तो स्थिर षड्ज ऐकू आला. आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

वेगाचा पाठभेद याहून वेगळा. जुन्या काळी ‘७८ फेरे’ हे प्रमाण सर्वत्र काटेकोर पाळले जात नव्हते; विशेषतः आरंभीच्या, १९०४-०५ च्या काळातील ध्वनिमुद्रणांत वेगात बराच फरक आढळतो. यंत्र एका फेऱ्याने जलद फिरले तर सारे गाणे जवळपास एक श्रुती वर चढते. त्यात स्वरांची परस्परांतील अंतरे बिघडत नाहीत, पण गायकाची पट्टी, लय आणि आवाजाची जात बदलते. अशा तबकडीवरून शिकणारा विद्यार्थी गुरूची नसलेली पट्टी गाठण्यासाठी गळा ताणतो.

लाँगप्ले अमेरिकेत १९४८ साली आली आणि पुढे जुनी ध्वनिमुद्रणे तिच्यावर उतरवली गेली. लाखेच्या जागी व्हिनाइल, तीन-चार मिनिटांच्या जागी वीस-बावीस मिनिटांची बाजू, खरखर फार कमी. हा लाभ मोठा होता. परंतु लाँगप्लेसाठी जी जुनी तबकडी समोर ठेवली तिचेच गुणदोष तिच्यात कायमचे उतरतात. भोक चुकलेल्या तबकडीवरून नक्कल झाली असेल तर लाँगप्ले कितीही सरकवा, स्वर स्थिर होणार नाही. खरखर गाळताना तंबोऱ्याची जवारी आणि शब्दांतील श्वासही थोडा गळतो. उलट, जुन्या तबकडीची खरखर पुष्कळदा आपल्याच अज्ञानाची असते. तिच्या रुंद खाचेला लाँगप्लेच्या सुईपेक्षा सुमारे तिप्पट जाड टोकाची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी साचलेल्या मळातून फिरते आणि आपण तबकडीला दोष देतो.

तेव्हा ‘चांगली प्रत कोणती’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. काकांची प्रत मळलेली पण स्वराला सच्ची, वडिलांची स्वच्छ पण केंद्र चुकलेली. दोन्ही होत्या म्हणूनच निवाडा झाला. पोथ्यांच्या बाबतीत हे आपल्याला ठाऊक आहे. तबकड्यांच्या बाबतीत अजून रुजायचे आहे. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने या दिशेने मोलाचे काम केले, आणि मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने २००३ साली खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकांची चरित्रासह सूची प्रसिद्ध केली. परंतु आपल्या सीमाभागातील माळ्यांवर पडलेल्या पेट्या अजून कोणी मोजलेल्या नाहीत. ‘हे गाणे आता सगळीकडे मिळते’ म्हणून त्या मोडीत जातात. गाणे मिळते हे खरे. पण मिळते ते कोणत्या प्रतीवरून, हे सांगणारी दुसरी प्रत त्या मोडीत गेलेली असते. म्हणून पेटी टाकण्यापूर्वी नाममुद्रा आणि तबकडीवर कोरलेला क्रमांक एवढे तरी लिहून ठेवावे, आणि पेटी शक्यतो जाणकाराच्या हाती द्यावी.

वडिलांच्या पाकिटावरचा पेन्सिलीचा शेरा मी खोडलेला नाही. त्यांनी जे ऐकले ते प्रामाणिकपणे नोंदवले होते. त्याखाली मी तारीख घालून एवढेच लिहिले आहे : ‘दोष भोकाचा. खाँसाहेबांचा षड्ज स्थिर आहे. वकीलकाका बरोबर होते.’