बंदुकीचा परवाना आणि दारूचं परमिट: एका ठरावाची दोन लेकरं

तुरीत रोही आणि रानडुकरं शिरतात म्हणून ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागणारा नांदगाव खंडेश्वरचा शेतकरी आणि परमिट रूममध्ये बसलेलं गिऱ्हाईक यांचा संबंध काय? दोघांच्या कागदांचं कूळ शोधत मागे गेलं की वाट एकाच गावी जाते: कराची.

मार्च 1931 मध्ये वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन तिथे भरलं. त्यातला मूलभूत हक्कांचा ठराव प्रसिद्धच आहे. पण त्यातली दोन कलमं सहसा कुणी शेजारी ठेवून वाचत नाही. नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला, हे एक. औषधापुरती सोडून दारूवर पूर्ण बंदी, हे दुसरं.

ही दोन कलमं एकत्र का आली? नेहमीचं उत्तर असं की शस्त्राची मागणी स्वाभिमानातून आली आणि दारूबंदी गांधींच्या आग्रहातून, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. मला हे पटत नाही. 1878 साली इंग्रजांनी शस्त्र कायदा केला आणि त्याच साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदाही आला. लोकांच्या हातची हत्यारं काढून घेतली आणि दारूच्या विक्रीतून तिजोरी भरली. कराचीने हे दोन्ही व्यवहार उलटे करायचं ठरवलं, असं माझं ठाम मत आहे.

मग घटना समितीत ही भावंडं वेगळी झाली. 24 नोव्हेंबर 1948 ला दारूबंदीचं कलम मार्गदर्शक तत्त्वांत शिरलं. कोल्हापूरच्या खर्डेकरांनी विरोध केला, आदिवासींच्या बाजूने जयपाल सिंगही बोलले. तरी ते मंजूर झालं. पुढच्याच आठवड्यात मध्य प्रांत-वऱ्हाडचे हरी विष्णू कामत यांनी कराचीचा दाखला देत शस्त्राचा हक्क मागितला. असा हक्क मूलभूत ठरवला तर गुन्हेगारही तो मागतील, असं डॉ. आंबेडकरांनी सांगितलं आणि ती दुरुस्ती पडली.

मला सर्वात विलक्षण वाटते ती 'औषधापुरती' ही सवलत. कराचीत ती एक लहानशी पळवाट होती. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात तब्येतीच्या कारणावरून मिळणारा परवाना आला आणि पुढे परमिटवर आरोग्य राखण्याची भाषा कायमची बसली. काही जण याचं श्रेय या कायद्याला आव्हान देणाऱ्या 1951 च्या बलसारा खटल्याला देतात. पण त्या निकालाआधीच कायद्यात ती वाट होती. अमेरिकेच्या दारूबंदीतही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळायची, तिथून ही कल्पना आली असेल असंही म्हणता येईल. मी मात्र कराचीच्याच बाजूने आहे, कारण घटनेच्या कलम 47 मध्येही औषधाचा तोच अपवाद आहे.

विदर्भापुरता आणखी एक योग. मुंबईचा दारूबंदी कायदा इकडे लागू करणारा कायदा 1959 चा आणि देशाचा नवा शस्त्र कायदाही 1959 चाच. शेतराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची खास तरतूद त्यातच आहे.

आज बंदुकीसाठी अर्ज करायचा तर अमरावतीला कलेक्टर कचेरीत फाइल, पोलिसांचा अहवाल, डॉक्टरांचा दाखला. वय 21 पूर्ण हवं. व्हिस्कीसाठी कायदा 25 वर्षं म्हणतो, पण एक दिवसाचं परमिट पाच रुपयांत मिळतं, आणि ते विचारतो कोण? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 2019 मध्ये दारूने जगभर सुमारे 26 लाख माणसं गेली. बंदुकीच्या बळींचा 2016 चा अंदाज अडीच लाखांच्या आसपास आहे. बंदुकीवर पहारा आहे तो योग्यच आहे. पण दहापट जीव घेणाऱ्या वस्तूला एवढी सैल दोरी का, याचं उत्तर मला आरोग्यात नाही, महसुलात दिसतं.

निवडणुकीत मात्र दोघं पुन्हा एकत्र येतात. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात आणि मतदान संपण्याआधीचे 48 तास दारूची दुकानं बंद असतात.

गावाला स्वतःचा निर्णय घेता येतो तो फक्त दारूच्या बाबतीत. राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशानुसार बायका दुकानबंदीसाठी मतदान मागू शकतात, बंदीचं चिन्ह असलेल्या आडव्या बाटलीवर शिक्का मारून दुकान उठवू शकतात. पण त्यासाठी यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. ज्या बाया त्या दिवशी निंदणाला गेल्या, त्या दुकानाच्याच बाजूने मोजल्यासारख्या होतात.